कोसमटोल्याची झाडलेली वाट

सायकल पंक्चर होऊ नये म्हणून काय करावं, हे मला आजवर पुष्कळांनी विचारलं, आणि मी सगळ्यांना सांगत आलो. हातचं काही राखलं नाही — असं लोकांना वाटतं. पण एक गोष्ट राखली. बायकोला सांगितली नाही, मित्रांना नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही. देवाला ठाऊकच असेल, मग सांगायचं कशाला, अशी मी माझी समजूत घालत आलो. तुम्हाला मात्र ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

पण आधी सायकलचं सांगू द्या. एकदम मुद्द्यावर यायला जीभ धजत नाही, आणि सायकलबद्दल मी कितीही बोलू शकतो, हे आमच्या मूल गावातल्या कुणालाही विचारा.

मी तेव्हा मूलला राहायचो. आमच्या जिल्ह्याला तेव्हा चांदाच म्हणायचे, गडचिरोली त्याचीच एक तहसील होती. माझी नोकरी देवीची लस टोचण्याची. देवी म्हणजे तो रोग — अंगभर फोड येतात, घरातलं एक आजारी पडलं की गल्ली पडते, आणि जो वाचतो त्याच्या चेहऱ्यावर जन्मभर वण राहतात. आता तो ऐकायलाही मिळत नाही. तेव्हा दर हिवाळ्याच्या शेवटी तो यायचा. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं ओलांडून, जंगलातल्या टोल्याटोल्यांवर, लहान लहान वस्त्यांवर जाऊन मी लेकराबाळांच्या दंडावर टोचायचो. डॉक्टर नव्हतो मी, पण लोक डॉक्टरपेक्षा जास्त मान द्यायचे. ‘टोचनेवाले भाऊ’ म्हणायचे. आणि सगळी फिरती सायकलवर.

आमच्याकडच्या वाटा म्हणजे काट्यांच्या. धान कापून झालं की बांधीच्या ओलीवर लोक लाखोरी, जवस टाकतात. त्याच सुमारास गुरं मोकळी सुटतात, मग पिकाला कुंपण हवं. कुंपण म्हणजे बोरीच्या, बाभळीच्या फांद्या. जंगलातून तोडायच्या, वेलीनं बांधायच्या आणि वाटेनं फरफटत ओढत आणायच्या. ओढता ओढता काटे गळतात आणि धुळीत दडून बसतात. गावचे लोक अनवाणी, पण त्यांना त्याचं काही नाही. काट्यानं काटा काढणं ही आमच्याकडे म्हण नाही, रोजचं काम आहे. मरण माझं व्हायचं. सुरुवातीच्या वर्षी मी सायकलवर कमी बसलो आणि सायकलच माझ्या खांद्यावर जास्त बसली.

मग मूलच्या बाजारातल्या गनीभाईनं एक युक्ती सांगितली. टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये पातळ कातड्याची पट्टी घालायची, तिच्या कडा तासून घ्यायच्या, नाहीतर कडच ट्यूब कापते. बाकीचं मी माझ्या डोक्यानं शिकलो. चाकाच्या वर एक तार अशी बांधायची की ती टायरला जेमतेम टेकेल — काटा रुतला की पुढच्याच फेऱ्यात ती त्याला झटकून टाकते. हवा इतकी भरायची की अंगठा दाबला तर अंगठाच दुखावा. आणि वाटेच्या मधून जायचं नाही, कडेच्या गवतातून तर नाहीच नाही. गाडीच्या चाकोरीतून जायचं, कारण बैलगाडीच्या लोखंडी धावेखाली काट्यांचा भुगा झालेला असतो. एवढं केल्यावर माझी सायकल पंक्चर होईना. दोन पावसाळे गेले, तिसरा गेला. मी फुशारक्या मारू लागलो. लोक टायर दाबून बघायचे आणि मी छाती काढून उभा.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की पुढे जे होणार आहे ते होऊच शकत नव्हतं, हे तुमच्या ध्यानात यावं.

त्या हिवाळ्यात कोसमटोल्याच्या पलीकडच्या एका गावात देवी निघाली. कोसमटोला म्हणजे मूलपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवरची वस्ती, जंगलात शिरून नाला ओलांडला की लागते. आठवडी बाजारात तिथला कोतवाल भेटला, त्याच्याकडे मी निरोप दिला. अमुक दिवशी येतो, एकही लेकरू बाहेर जाऊ देऊ नका. तो ‘हव’ म्हणाला, म्हणजे हो. ठरल्या दिवशी मी लशीच्या काचेच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या, डब्यात ठेवल्या, डबा हँडलला अडकवला आणि सकाळीच निघालो. लस म्हणजे नाजूक जिन्नस. ऊन लागलं की गेली.

वाटेत एक फाटा आहे. डावीकडे कोसमटोला. उजवीकडे त्या दिवशी शंकरपट भरला होता.

आमच्याकडे पट म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कसं सांगू? धानाचे ढीग लागलेले, हाताला काम नाही, आणि पंचक्रोशीतल्या बैलजोड्या एका माळावर सुटतात. डफड्यांचा आवाज फाट्यापर्यंत येत होता. मी एक पाय टेकवून उभा राहिलो. एक जोडी बघू आणि निघू, असं ठरवलं. खरंच ठरवलं होतं का? — की तेव्हाच मला ठाऊक होतं? सायकल एका आंब्याच्या सावलीत टेकवली आणि गर्दीत शिरलो. एक पांढरी जोडी अशी सुटली की मी पागोटं असतं तर उडवलं असतं. मग दुसरी बघितली. मग भजी खाल्ली. ओळखीचे चार लोक भेटले, त्यांनी हात धरून पुढे नेलं. माझ्या तरुणपणातला सगळ्यात आनंदाचा दिवस कोणता, असं विचाराल, तर प्रामाणिकपणे तोच सांगावा लागेल.

उन्हं कलली तेव्हा मला भान आलं. आंब्याची सावली केव्हाच सरकली होती. डबा हाताला चटका देत होता. आतली लस मेली होती, आणि मला आता कोसमटोल्याला जाऊन काही उपयोग नव्हता.

दिवसभर लेकरं घेऊन बसलेल्या गावाला काय सांगायचं? मुख्य म्हणजे वरच्या साहेबाला काय सांगायचं? पट बघत बसलो म्हणून? पटाच्या माळाला बोरीचं कुंपण होतं. मी फाट्याजवळ आलो, इकडंतिकडं पाहिलं आणि येताना मोडून आणलेला एक सरळ काटा टायरवर दाबला. जाईना. ती कातड्याची पट्टी! स्वतःच्या शहाणपणावर मी इतका कधी चिडलो नव्हतो. शेवटी टायरच्या बगलेतून, जिथं पट्टी पोचत नाही तिथं, दगडानं ठोकला. चाक फुसफुसलं. वाटेवरचा काटा बगलेतून कधी शिरतो का हो? पण बघणार कोण होतं?

बघायला कोतवालच आला. मला शोधत कोसमटोल्याहून चालत निघाला होता, लस घेऊन भाऊ कुठे पडले तर नाहीत ना म्हणून. मी काटा काढून तळहातावर त्याला दाखवला. तो वाकून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “कुठी लागला भाऊ? आमच्याच वाटेले?”

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मूलच्या रस्त्यावर लागला म्हटलं असतं तर दिवसभर कुठे होतो, हे सांगावं लागलं असतं. नाल्यापर्यंत आलो होतो, तिथं चाक बसलं, ते दुरुस्त करता करता लस उन्हात गेली, तसाच मागे फिरलो — सगळं मी जागच्या जागी रचलं. त्यानं हात जोडले. आमच्या वाटेनं तुम्हाला त्रास झाला, म्हणाला. आणि माझ्या हातातून सायकल घेऊन तो माणूस ती बसकी सायकल मूलच्या वेशीपर्यंत ढकलत आला. दिवसभराचा उपाशी. मी मोकळ्या हातांनी त्याच्या शेजारून चालत होतो.

नवी लस चांद्याहून यायला आठवड्यावर दिवस गेले.

पुन्हा निघालो तेव्हा फाट्यापर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. फाट्यावर डावीकडे वळलो, जंगल सुरू झालं आणि काहीतरी निराळं वाटायला लागलं. काय ते आधी कळेना. मग कळलं, की आवाज होत नाहीये. पाचोळ्यावरून चाक गेलं की चुरचुरतं, ते चुरचुरणं नव्हतं. मी खाली बघितलं. वाट झाडलेली होती.

अंगण झाडतात तशी. धुळीवर खराट्याच्या रेषा होत्या, एकापुढे एक, अर्धगोल, जिथवर नजर जात होती तिथवर. सागाचं एक पान नाही, काडी नाही. दोन्ही कडांना थोड्या थोड्या अंतरावर राखेचे ढीग — काटे गोळा करून जाळले होते. जंगलातली वाट झाडलेली तुम्ही कधी पाहिली आहे का? मी पाहिली नव्हती. जंगल काय रिकामं पडलंय, लोक ते झाडत बसतील? मी उतरलो. त्या रेषांवर पाय ठेववेना. बूट काढावेसे वाटले, खरंच सांगतो.

पुढे वळणावर माणसं दिसली. सगळं गाव. पुढे पुरुष खराटे घेऊन, मागे बाया उकिडव्या बसून एका ओळीत पुढे सरकत होत्या आणि खराट्यातून सुटलेले काटे बोटांनी वेचून ओच्यात टाकत होत्या. म्हातारी माणसंही होती. मला बघून ते कडेला झाले. सायकल हातात धरून चालायला लागलो तर एक म्हातारी म्हणाली, “बसा भाऊ. काटा नाई राह्यला आता.”

मी बसलो. त्या दोन ओळींमधून, त्या रेषांवरून मी सायकल चालवत गेलो, आणि सगळे माझ्या तोंडाकडे नाही तर चाकाकडे बघत होते. एवढा मान मी आयुष्यात कुणाला मिळालेला पाहिलेला नाही. आणि तो मिळत होता चोराला. मला रडू येत होतं. मी ते घामासारखं पुसलं.

नाल्यापाशी एक माणूस एकटाच झाडत होता. त्याचं नाव मनसाराम. तिशीतला असेल, माझ्याहून मोठा. तरी मी त्याला अरे म्हणायचो आणि तो मला भाऊ म्हणायचा. त्यानं खराटा खाली ठेवला, माझ्या पुढच्या चाकापाशी बसला आणि टायरवरून हात फिरवला. सगळा फेरा, सावकाश. मग मागच्या चाकावरून.

कोतवालानं मला बाजूला घेऊन सांगितलं. चाक बसल्याची बातमी पोचली त्याच दिवशी गाव बसलं होतं. या आठवड्यात त्या वाटेनं काटे कुणी ओढले, एवढंच विचारलं गेलं. कुणी बोट दाखवण्याआधी मनसाराम आपण होऊन उठला. माझं कुंपण, म्हणाला. गावानं त्याला दंड केला नाही, रागावलंही नाही. नाल्याजवळची वाट तुझी, एवढं म्हणालं. कारण भाऊचं चाक नाल्यापाशी बसलं होतं ना?

मनसारामची लेक सुकरी चारेक वर्षांची. तिला दोन दिवसांपासून ताप होता.

मी घरात गेलो. दारावर कडुनिंबाचा डहाळा लावलेला होता, देवी आलेल्या घराची खूण, म्हणजे मी बघायच्या आधीच घरच्यांना समजलेलं होतं. तिच्या कपाळावर आणि मनगटावर बारीक दाणे उठले होते. या वेळी टोचून काही होत नाही, हे मला माहीत होतं. मी तिच्या आईला म्हणालो, बरी होईल. बाहेर आलो आणि बाकीच्या लेकरांना टोचलं. एकही लेकरू पळालं नाही, एकाही आईनं पदराआड लपवलं नाही. एरवी लस म्हटलं की लोक जंगलात पळायचे. इथं रांग लावून उभे होते.

टोचल्यावर पुन्हा जाऊन लस उठली की नाही ते बघावं लागतं. त्याप्रमाणे गेलो, तेव्हा वाट पुन्हा झाडलेली होती, आणि सुकरी गेली होती. मनसाराम नाल्यापाशी खराटा घेऊन उभा होता. त्यानं टायरवरून हात फिरवला.

ठरल्या दिवशी टोचलं असतं तर ती वाचली असती का? तुम्ही विचारणार नाही, तुम्ही भले आहात. मीच विचारतो. देवी तेव्हा पलीकडच्या गावात होती, कोसमटोल्यात यायची होती. ज्यांना मी नंतर टोचलं त्यांतलं एकही लेकरू गेलं नाही. मी खात्यातला माणूस. मला उत्तर येतं.

पण मला जे सांगायचं आहे ते अजून सांगितलेलंच नाही. बघा, किती फिरवून फिरवून येतोय.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं कोसमटोल्याला गेलो. दर वेळी, मी यायच्या आदल्या दिवशी, मनसाराम फाट्यापासून गावापर्यंत वाट झाडायचा. सुरुवातीला गाव त्याच्याबरोबर असायचं, मग चारदोन जण, मग तो एकटा. गावानं नियम केला, की काटे आता ओढायचे नाहीत, बांबूला बांधून दोघांनी खांद्यावर उचलून आणायचे. शेजारच्या गावांनी आधी थट्टा केली. कोसमटोल्याचे लोक काट्यांची वरात काढतात, म्हणाले. मग त्यांची लेकरं या वाटेनं बाजाराला जाऊ लागली आणि रक्त न काढता परत आली, तेव्हा त्यांनीही तसंच सुरू केलं. मी एक लबाडी केली आणि त्या पट्ट्यातले लोक पायाला काटा न लागता चालू लागले. अशा गोष्टीचं काय करायचं असतं? हसायचं असतं? मी त्या वाटेवर दर वेळी जीव मुठीत धरून सायकल चालवली. त्या रेषांची सवय कधी झाली नाही.

चौथा किंवा पाचवा हिवाळा असेल. मनसाराम मला निरोप द्यायला नाल्यापर्यंत आला होता. मी पाणी प्यायलो. तो खराट्याच्या काड्या सारख्या करत उभा राहिला. मग म्हणाला, “भाऊ, एक गोष्ट इचारू का?”

मी विचार म्हटलं.

“तुमच्या चाकात गेला, तो काटाच होता का? का बैलाच्या नालाचा खिळा होता? डेपोच्या गाड्या जातेत न इथून.”

एवढंच. चार-पाच वर्षं त्यानं हा प्रश्न पोटात ठेवला होता. लाकडाच्या गाड्यांचे बैल नाल ठोकलेले असतात, त्यांचे खिळे वाटेवर पडतात, हे खरंच होतं. खिळा असेल तर दोष कुणाचाच नव्हता. त्याचा नव्हता, गावाचा नव्हता. खरं सांगायची हिंमत नव्हती माझ्यात, ठीक आहे. पण मला खरं सांगायचंही नव्हतं! फक्त आणखी एक खोटं बोलायचं होतं. ‘खिळा’ — दोन अक्षरं. इतकी वर्षं मी खोटं बोलतच होतो की. ज्या दिवशी एका खोट्यानं एका बापाच्या छातीवरची धोंड उतरली असती, नेमकं त्या दिवशी —

मी म्हणालो, “काटाच होता. बोरीचा.”

का म्हणालो? कोतवालानं काटा तळहातावर पाहिला होता, म्हणून. हे दोघं कधी बोलले तर मी उघडा पडेन, म्हणून. आणि ‘बोरीचा’ हे तर त्यानं विचारलंही नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं. खोटं बोलणाऱ्याला तपशील द्यायची खोड असते, त्यानं गोष्ट पक्की होते. त्या साऱ्या प्रकरणात माझ्या तोंडून निघालेले तेवढे तीनच शब्द खरे होते.

मनसारामनं मान हलवली. “हव,” म्हणाला. “माझं कुंपन बोरीचंच होतं.”

त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. राग नाही, दुःखसुद्धा नाही. त्यानं खाली बसून माझ्या दोन्ही टायरवरून हात फिरवला, सावकाश, सगळा फेरा, आणि जा म्हणाला. मी गेलो. वळून पाहिलं तेव्हा माझी चाकं उमटली होती तिथल्या रेषा तो पुन्हा झाडत होता.

नंतरही मी त्याला सांगू शकलो असतो. प्रत्येक खेपेला तो तिथंच असायचा. मी त्याच्या लेकाला टोचलं, मग दुसऱ्या लेकीला. त्याच्या घरी जेवलो. एकदा पावसात अडकलो तर त्यानं मला स्वतःची घोंगडी दिली. मी मूलला आलो की गनीभाईच्या दुकानात बसून लोकांना कातड्याची पट्टी कशी घालायची ते शिकवत असे.

मग एका हिवाळ्यात फाटा वळलो आणि वाट नेहमीसारखी झाडलेली होती, पण नाल्यापाशी मनसाराम नव्हता. त्याची बायको होती, हातात खराटा. तो पावसाळ्यात तापानं गेला होता. तिनं सांगितलं, जाताना म्हणाला होता, भाऊ यायचे असतील तेव्हा वाट झाडून ठेवजो. तिनं खराटा ठेवला, खाली बसली आणि त्याच्यासारखाच माझ्या टायरवरून हात फिरवला. हात बगलेवरून गेला. तिथं ठिगळाचा फुगवटा होता. टायर मी बदललाच नव्हता. बोट तिथं क्षणभर थांबलं आणि पुढे गेलं. मी सायकलवर बसलो आणि गावाकडे निघालो.

आता तिथं डांबरी रस्ता आहे म्हणतात. मी गेलेलो नाही.

लोक अजून विचारतात, काका, जंगलात एवढी वर्षं सायकल चालवली, पंक्चर किती वेळा झाली? मी हसतो आणि इतर वाटांचे किस्से सांगतो. कोसमटोल्याच्या वाटेचा कधी सांगत नाही. त्या वाटेवर माझी सायकल कधीच पंक्चर झाली नाही. मनसाराम झाडायला लागल्यानंतर नाही, आणि त्याच्या आधीही नाही.